मदत हवी आहे: बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपी आतल्या ट्रॅकवर अडतात

बीबीसी मायक्रो या 1980च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या सव्वापाच इंची 12 फ्लॉपी आहेत, डीएफएस (त्याची फाइल ठेवण्याची पद्धत), एका बाजूला 40 ट्रॅक, ट्रॅकला 256 बाइटचे 10 सेक्टर, एफएम या जुन्या, कमी घनतेच्या नोंद-पद्धतीच्या. त्यातला डेटा पीसीवर घ्यायचाय. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे निरुपयोगी, म्हणून ग्रीसवीझल (फ्लॉपीचा कच्चा सिग्नल वाचून पीसीला देणारं बोर्ड) आणि पीसीचा 1.2 एमबी ड्राइव्ह जोडलाय, स्टेप 2 ठेवून, म्हणजे हा 80 ट्रॅकचा ड्राइव्ह दर वेळी दोन पावलं सरकतो.

ट्रॅक 0 ते 29 स्वच्छ येतात. पुढे सीआरसी (डेटा बरोबर वाचला का याची पडताळणी) चुका, आणि दर वेळी वेगळ्याच सेक्टरवर. त्यामुळे बुरशीने चकतीच गेली असेल असं वाटत नाही. तसं असतं तर तेच सेक्टर अडले असते.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, केबल बदलली, प्रत्येक ट्रॅकच्या 5 फेऱ्या, 10 रीट्राय करून पाहिले. पीसीची 360 केबीची फ्लॉपी याच ड्राइव्हवर शेवटपर्यंत वाचते. शंका या फ्लॉपी ज्यावर लिहिल्या त्या मूळ ड्राइव्हच्या अलाइनमेंटची, म्हणजे हेड ट्रॅकवर नेमकं बसत होतं का याची आहे. या फ्लॉपींवर लिहायचं काहीही नाही, आणि कुरिअरने पाठवायचा धोका नको.

हेड एक पाऊल सरकवून, म्हणजे मधल्या ट्रॅकवरून, कुणी असा डेटा काढलाय का? की 40 ट्रॅकचा रुंद हेडचा ड्राइव्हच लागेल, आणि तो सांगली-मिरजेत कुणाकडे चालू स्थितीत आहे का?