कोलंबस (इंडियाना) ला दोन वर्षं राहायला जातोय, तिथे आहे काय?

कोथरूडची_प्रिया
नमस्कार मंडळी. नवऱ्याला कमिन्सकडून (इंजिनं बनवणारी कंपनी) दोन वर्षांसाठी कोलंबसला पाठवतायत, इंडियानातलं, ओहायोचं मोठं कोलंबस नव्हे. ऑगस्टमध्ये निघायचंय, मुलगी सहा वर्षांची आहे. नकाशात बघितलं तर इंडियानापोलिसपासून तासाभरावर आणि चहूकडे नुसती मक्याची शेतं, वस्ती पन्नास हजाराच्या आसपास. मला गाडी येत नाही, आजवर स्कूटरच चालवलीय. दिवसभर घरात एकटी बसून राहावं लागेल याची इतकी धास्ती घेतलीय की रात्री झोप लागत नाही. जे राहिलेत त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज.

चार_वर्षं_तिथे
प्रियाताई, आधी एक सांगतो, तुम्ही अमेरिकेतल्या एका फार वेगळ्या गावात चाललायत. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर होते ना, त्यांनी पन्नासच्या दशकात गावाला सांगितलं की शाळा बांधायचीय तर आम्ही देतो त्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आमचं फाउंडेशन भरेल. शाळांपासून सुरुवात झाली आणि मग फायर स्टेशन वगैरे पण तसंच बांधलं गेलं. त्यामुळे जगभरातले आर्किटेक्चरचे विद्यार्थी या एवढ्याशा गावात येतात. १९४२ चं एलिएल सारिनेन या आर्किटेक्टचं चर्च आहे आणि त्याच्या बरोबर समोर आय. एम. पेई यांनी बांधलेली लायब्ररी (१९६९), तीसुद्धा त्याच विटांच्या रंगाची, आणि मधल्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान, वीस फूट उंच, हिरवट झालेली. माझा मुलगा रोज लायब्ररीतून निघाला की त्या कमानीखालून पळत जायचा, परत यायचा, हात लावून बघायचा, थंडीत ती बर्फासारखी गार लागते. तिकीट नाही की रखवालदार नाही. लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, माझ्या बायकोचे पहिले सहा महिने त्या लायब्ररीनेच निभावून नेले.

आणि कोर्टाजवळ युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे ते चुकवू नका. चुनखडीचे २५ उंच खांब दाटीने उभे केलेत, आत शिरलं की खांबांवर सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं कोरलेली दिसतात. एकाने आईला लिहिलंय, ते वाचताना माझे डोळे भरून आले होते, परका देश वगैरे काही आठवत नाही तेव्हा.

निशा_कोलंबसकर
मी आत्ता तिथेच राहते. वरच्या दादांचं सगळं पटलं पण ताई, बिल्डिंगा बघून दोन वर्षं जात नाहीत, आधी गाडी शिका!! शहर बस आहे, पण तिच्या वेळा बघून जगावं लागतं. पुण्यातच फोर व्हीलरचा क्लास लावा, हात बसला की इथे फक्त उजवीकडून चालवायची सवय करायची. मी पहिल्या टेस्टला नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले, आणि लायसन्स हातात आलं त्या दिवशी एकटीच ब्राउन काउंटी स्टेट पार्कला गेले, अर्ध्या तासाच्या आसपास रस्ता, ऑक्टोबरमध्ये अख्खे डोंगर लाल-पिवळे होतात. आणि व्हिसा कुठला ते नवऱ्याला नीट विचारा. एल टू (कंपनीने बदली केलेल्याच्या बायकोचा व्हिसा) असेल तर तुम्हाला नोकरी करता येते, एच फोरवर (एच वन व्हिसावाल्याच्या बायकोचा) सहसा नाही, दोन्हींत फार फरक आहे.

मुलीला झहाराकोसला न्या. १९०० सालापासूनचं आइस्क्रीमचं दुकान, संगमरवरी काउंटर आणि जुना ऑर्केस्ट्रियन, म्हणजे एकटंच बँड वाजवणारं भलंमोठं यंत्र. उन्हाळ्यात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथला मका घ्या, आपल्यासारखा शेकोटीवर भाजला तरी गोडच लागतो. पुण्यात कमिन्स १९६२ पासून आहे, त्यामुळे इथे दुकानात मागून मराठी ऐकू आलं तर दचकू नका, वळून बोला.

हिवाळा_आठवतो
मला दुसरी बाजूपण सांगावीशी वाटते. जानेवारीत साडेपाच-सहाला अंधार पडतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि भारतात त्यावेळी पहाट असते, म्हणजे आईला फोन पण करता येत नाही. माझ्या बायकोला खूप जड गेलं आणि मी ऑफिसात असल्यामुळे मला ते उशिरा कळलं, त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या मिस्टरांना हा धागा वाचायला द्याच. फोनची वेळ सकाळीच ठरवून टाका, तिकडची सकाळ म्हणजे घरी संध्याकाळ.

कोथरूडची_प्रिया
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसा एल टू च आहे, आत्ता विचारलं!! क्लास सोमवारपासून लावते. मिक्सर आणि कुकर आणू का?

निशा_कोलंबसकर
मिक्सर नको, इथे १२० व्होल्ट, तिकडचा चालणार नाही. कुकर आणा, आणि त्याच्या दोन-तीन जादा रिंगा.