एनआयपीटी करावी का? डबल मार्कर १:४१० आलाय

निशिगंध:
नमस्कार. वय ३५, पहिलंच बाळ, तेरावा आठवडा चालू आहे. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) चांगला झाला (१.६ मिमी, नाकाचं हाड दिसलं), पण डबल मार्कर या रक्ततपासणीवर डाउन सिंड्रोमची जोखीम १:४१० आली, म्हणजे 'इंटरमीडिएट', मधली. डॉक्टर म्हणाल्या, "एनआयपीटी ऐच्छिक आहे, हवी तर करा." (आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएवरून डाउनसारख्या गुणसूत्रदोषांची जोखीम सांगणारी टेस्ट.) लॅब पंधरा हजार सांगतेय. नवरा म्हणतो, करून टाकू. नणंदेच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, त्याला सारखं रक्त चढवावं लागतं. सासूबाईंनी ते सगळं जवळून पाहिलंय, म्हणून त्यांना वाटतं की या एका टेस्टमध्ये सगळंच कळेल. मी मात्र अडकलेय. हाय रिस्क आलं तर पुढे काय, हेच आमचं ठरलेलं नाही. केलेल्या आणि मुद्दाम न केलेल्या, दोघींचेही अनुभव हवे आहेत.

सरोज_नाशिक:
मी केली होती, ३८व्या वर्षी. पहिला नमुना वायाच गेला, रक्तात बाळाचा डीएनए पुरेसा नाही म्हणाले. वजन जास्त असलं की असं होऊ शकतं म्हणे. पुन्हा रक्त दिलं, मग लो रिस्क आलं. मधले दिवस फार वाईट गेले, पण नंतर शांत झोप लागली. माझ्यासाठी पैसे वसूल.

वैद्यकीय_मीरा:
मी फीटल मेडिसिनमध्ये काम करते. निशिगंध, आधी थॅलेसेमियाचं बघ, ते जास्त घाईचं आहे. नेहमीच्या एनआयपीटीत थॅलेसेमिया कळत नाही. ती मुख्यतः २१, १८ आणि १३ या गुणसूत्रांची संख्या बघते. उद्या रिपोर्ट 'लो रिस्क' आला आणि घरात सगळे निर्धास्त झाले, तरी तो प्रश्न जागच्या जागी राहील. नणंदेचा मुलगा मेजर आहे म्हणजे नणंद वाहक आहे (स्वतःला आजार नाही, पण दोष मुलात जाऊ शकतो), आणि तिचा भाऊही वाहक असण्याची शक्यता बरीच आहे. एचबी एचपीएलसी ही साधी रक्ततपासणी दोघांनी लगेच करा. तुझी कदाचित आधीच झालेली असेल, फाइल उघडून 'एचबी ए२'चा आकडा बघ. दोघांपैकी एकच वाहक निघालं तर बाळाला मेजर होण्याची काळजी नाही. दोघंही निघालात तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, आणि ती तपासायला वारेचा तुकडा किंवा गर्भजल लागतं. वारेची तपासणी साधारण चौदाव्या आठवड्याच्या आत करतात, म्हणून घाई म्हणतेय.

आता १:४१०. असाच रिपोर्ट आलेल्या ४१० जणींपैकी ४०९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. एनआयपीटी डाउनसाठी खूप चांगली चाळणी आहे, १०० पैकी ९९ केसेस पकडते. पण ती चाळणीच आहे, पक्कं निदान नाही. आईच्या रक्तात तरंगणारा तो डीएनए खरं तर वारेचा असतो, आणि क्वचित वारेत दोष असतो पण बाळात नसतो. म्हणून हाय रिस्क आलं तरी अॅम्निओ (गर्भजलाची तपासणी) केल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी. अॅम्निओ साधारण सोळाव्या आठवड्यापासून होते. तिच्यात गर्भपाताचा धोका असतो, पण अनुभवी हातात तो अर्ध्या टक्क्याहून कमी. एनटी ३.५ किंवा जास्त असता तर मी एनआयपीटीत वेळ न घालवता थेट तिकडेच वळायला सांगितलं असतं. तुझं तसं नाही. आणि काहीही ठरलं तरी विसाव्या आठवड्याच्या आसपासचा अॅनोमली स्कॅन चुकवू नकोस, हृदयाची नि मणक्याची रचना तिथेच दिसते.

गौरी_म:
यात मुलगा की मुलगी तेही कळतं ना?

वैद्यकीय_मीरा:
भारतात ते सांगणं पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याने गुन्हा आहे. रिपोर्टमध्ये येत नाही आणि विचारायचंही नाही.

लीड्सकर:
इंग्लंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) २०२१पासून एनआयपीटी देते, पण पहिल्या चाचणीत जोखीम १:१५० किंवा त्याहून जास्त असेल तरच. माझी १:३०० होती, त्यामुळे मिळाली नाही. खासगीत करता आली असती, आम्ही दोघांनी विचार करून नाही केली. अॅम्निओ करायचीच नाही हे आमचं पक्कं होतं, मग अर्धवट उत्तर घेऊन पाच महिने काढायची माझी तयारी नव्हती.

ओवीची_आई:
माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, सहा वर्षांची आहे. आम्हाला जन्मानंतर कळलं. हृदयाला छिद्रही होतं (अशा जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो), आणि आमच्या गावात बाळाच्या हृदयाचा डॉक्टर नव्हता. आधी माहीत असतं तर बाळंतपण मोठ्या शहरात केलं असतं, एवढंच मला आजही वाटतं. त्यामुळे ही टेस्ट फक्त गर्भपातासाठीच असते असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. सध्या ओवी शर्टाची बटणं लावायला शिकतेय. वरचं बटण अजून जमत नाही, पण दुसऱ्या कुणी लावलेलं तिला चालत नाही, सोडून पुन्हा पहिल्यापासून लावते. निशिगंध, नवऱ्याशी बोलताना 'हाय रिस्क आलं तर' हे वाक्य दोघांनी मोठ्याने पूर्ण करून बघा. सासूबाईंच्या आधी तुम्ही दोघांनी.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल उघडली, माझी एचपीएलसी झालीच नव्हती. उद्या सकाळी दोघंही रक्त देतोय. मीराताई, तारखांचं एक विचारायचंय. दोन आठवडे विचार करून एनआयपीटी केली तर उशीर होईल का?

वैद्यकीय_मीरा:
टेस्ट तेव्हाही होईल, पण रिपोर्टला आठ-दहा दिवस धर, मग लागली तर अॅम्निओ आणि तिच्या पूर्ण रिपोर्टला आणखी दोन-तीन आठवडे. गर्भपात करायचं ठरलंच, तर कायद्याने विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २४पर्यंत दोघांचं लागतं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच आणि तेही मेडिकल बोर्डाकडून. म्हणून या आठवड्यातच जेनेटिक काउन्सेलरची वेळ घे, एचपीएलसीचे रिपोर्ट सोबत ने, आणि नवऱ्यालाही ने.