मदत हवी आहे: बीगल पॉइंटच्या प्रवासासाठी जहाज कसं बांधू?

एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये सोलहून (आपल्या सूर्यमालेतून) आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेच्या बीगल पॉइंटला निघायचंय, म्हणजे साधारण 65,000 प्रकाशवर्षं. जहाज ॲस्प एक्सप्लोरर. फ्युएल स्कूप (ताऱ्यांजवळून इंधन गोळा करणारं यंत्र) मोठाच लावलाय, कारण ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांचे तारे सोडले तर इंधन मिळत नाही.

अडलंय ते न्यूट्रॉन ताऱ्यांपाशी. त्यांच्या झोतातून गेलं की एका उडीची मजल चौपट होते, पण उडी घेणारा ड्राइव्ह दर वेळी थोडा झिजतो. तो दुरुस्त करणारं युनिट स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. मग दोन युनिट्स न्यावीत, की एकावर भागवून वजन वाचवावं? पलीकडच्या कडेला तारे फारच विरळ आहेत, तिथे प्रत्येक प्रकाशवर्ष मोलाचं. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, मनापासून जायचंय.