गावातून गेलेलं माणूस परत आलंच नाही : तुमचे अनुभव सांगा

माझा चुलता २००९च्या आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला गेला. वाळवंटात शेवटचा दिसला. दिंडी परतली, तो नाही. मिसिंग नोंदवायला गेलो तर ठाण्यात म्हणाले, "बापई माणूस आहे, येईल चार दिवसांत." तुमच्याकडे असं झालंय का? लिहा, नावं नकोत.

—

थोरले भाऊजी २००४ साली दारं धरायला म्हणून रात्री मळ्यात गेले. मोटर चालू, चपला बांधावर. तीन विहिरी उपसल्या. देवऋषी झाले, सगळ्यांचं एकच, "उत्तरेला, पाण्याजवळ." (आमच्या उत्तरेला कॅनॉलच आहे.) मग कुजबुज. जाऊबाईंना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर बायका दोन वर्षं भांडल्या.

खरा घोळ सातबाऱ्यावर. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला हवा, तो कोण देणार? सात वर्षं खबर नसेल तर मृत धरता येतं (तेव्हा पुरावा कायद्याचं कलम १०८, आता साक्ष अधिनियमाचं १११), पण ते आपोआप होत नाही, कोर्टात जावं लागतं. जाऊबाई सही करेनात. "ते मेले असं मीच लिहून देऊ?" शेवटी पुतण्याने दावा लावला. हुकूम आला त्या दिवशीही त्यांनी कुंकू लावलं होतं. आजही लावतात.

—

आम्हाला ठाण्यात "चोवीस तास थांबा" म्हणाले होते आणि आम्ही थांबलो. असा काही नियम नाही, हे फार उशिरा कळलं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशाप्रमाणे थेट गुन्हाच नोंदवावा लागतो. ऐकून घेऊ नका.

—

आमचा मामा मात्र सहा वर्षांनी आला. डोक्यावर परिणाम झाला होता, कुठल्या तरी स्टेशनवर सापडला. कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे (२०१८चं मॅगसेसे त्यांनाच), तिथे बरा झाला. गावाचं नाव आठवेना, नुसतं म्हणायचा, "कारखान्याचा भोंगा, मारुतीचं देऊळ." त्यावरून त्या लोकांनी घर शोधलं. धागाकर्ते, तिथे विचारलंत का?

—

नाही विचारलं. उद्याच विचारतो. फोटो एकच आहे, माझ्या आत्याच्या लग्नातला. फेट्याखाली निम्मा चेहरा झाकलाय.