शाळा नेमकी कुठे अडते? ठाणे आणि नवी मुंबईच्या वस्त्यांमधील अनुभव

निमंत्रण

मुलींना शिकवावे की नाही, यावर आता कोणी उघडपणे वाद घालत नाही. ज्या वस्त्यांमध्ये मी संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेते, तेथील आईवडीलही मुलीला पहिलीत हौसेने घालतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. शिवाय आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्काची माफी आहे. तरीही आठवीनंतर वर्गातल्या मुली विरळ होऊ लागतात. म्हणून विनंती अशी की, शिक्षणाची थोरवी कोणी लिहू नये. आपल्या पाहण्यातल्या मुलीची शाळा कशापाशी अडली आणि पुढे गेली असेल तर कशामुळे, एवढेच लिहावे.

परिचारिका, दिघा

माझे आईवडील दगडखाणीवर कामाला होते. आम्ही वडार, तेव्हा दगड फोडणे हे घरातले पिढीजात काम. आमची शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढच्या शाळेसाठी ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडावा लागे. त्या रस्त्यावरचे ट्रक आणि घरी सांभाळायला लहान भाऊ, ही दोन कारणे आईला पुरेशी होती. वर्गशिक्षिका तीन वेळा घरी आल्या, तेव्हा कुठे वडिलांनी सोलापूर जिल्ह्यातून आजीला बोलावून घेतले आणि भाऊ तिच्या ओटीत गेला.

त्या आजीचा खरा उपयोग पुढे झाला. बारावीनंतर नर्सिंगच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा होता आणि आमच्यासारख्या विमुक्त जातींना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे जमीन नाही, ज्यांच्या घरात कोणी शाळेत गेलेले नाही आणि ज्यांचा मुक्काम खाणीबरोबर हलतो, त्यांनी हा पुरावा कोठून आणावा? आजीला मात्र आजोबांचा जन्म कोणत्या गावच्या पालात झाला, हे पक्के ठाऊक होते. वडिलांनी अकरा दिवसांची मजुरी बुडवून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात खेपा घातल्या आणि शेवटी त्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, आजोबांची जन्मनोंद, जातीसकट, सापडली. त्या एका नकलेवर पुढे माझ्या चार चुलत भावंडांचे दाखले निघाले. माझ्या शिक्षणाचा खर्च वाया जाईल असे म्हणणाऱ्या काकांची दोन मुले त्यांतच आहेत, हे मुद्दाम नोंदवते.

निवृत्त शिक्षिका, कळवा

मी हजेरीपटावर ‘गावी गेली’ हा शेरा किती मुलींपुढे लिहिला, ते आज मोजवत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी गावी जाई आणि जूनमध्ये तिची धाकटी बहीण एकटीच शाळेत येई. थोरलीचे काय झाले, असे विचारले की धाकटी फक्त लाजून हसायची. लग्नासाठी मुलीचे वय अठरा पूर्ण हवे, हा कायदा मला माहीत होता. पण गावी फोन करून चौकशी करणे हे माझे काम आहे, असे मला फार उशिरा वाटू लागले. दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरी सांगते. आमच्या एका इमारतीतील मुलींच्या स्वच्छतागृहाला दोन वर्षे कडी नव्हती. सातवीतल्या मुली महिन्यातले चार दिवस घरी का राहतात, यावर आम्ही शिक्षकसभेत चर्चा करत होतो. कडी बसवायची मात्र कोणाला सुचली नाही.

गृहिणी, घोडबंदर रस्ता

आमच्या घरकामाच्या ताई आजारी पडल्या की त्यांची नववीतली मुलगी बदलीवर येत असे. मी तिला खाऊ देत असे, जुनी पुस्तके देत असे आणि भांडीही घासून घेत असे. ती सहामाही परीक्षा चुकवून आली होती, हे मला नंतर कळले. आता ताईंची रजा ही भरपगारी रजा असते.

रिक्षाचालक, लोकमान्यनगर (मजकूर मुलीने टंकला आहे)

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, तेव्हा गजरे विकणारी पोरे तिथे बसतील यावर माझा विश्वास नव्हता. पुढे त्याच मुलींना गणवेशात पाहिले आणि घरी येऊन पत्नीला सांगितले. तिची शाळा आठवीत सुटलेली. तिने बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा अर्ज भरून दहावीची परीक्षा दिली. गणितात अडली, पण दुसऱ्या खेपेला सुटली. मुलगी आता अभियांत्रिकीला आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले, तरी महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी रक्कम आधी भरायला सांगितली. शासनाचा निर्णय छापून नेल्यावर आग्रह थांबला. निर्णय तिनेच वाचून दाखवला. मला तो दोनदा वाचूनही समजला नव्हता.

निवृत्त शिक्षिका, कळवा

दिघ्याच्या ताईंना एक विचारायचे आहे. माझ्या शेजारच्या वस्तीत कैकाडी समाजाची एक मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिचीही अडचण जातीच्या दाखल्यासाठीच्या पुराव्याचीच आहे. आजी हयात नाही.

परिचारिका, दिघा

आजी नसेल तर आजीच्या बहिणी, दीर, जावा, यांपैकी जे कोणी असेल त्यांना जन्मगाव आणि तालुका विचारून ठेवावे. तालुका कळल्याशिवाय कचेरीत कोणी दप्तर उघडत नाही. निकालाची वाट पाहू नये, आताच सुरुवात करावी. रविवारी माझी दिवसपाळी नसते, तिला घेऊन या.