नॉर्वे, तेही कमी पैशांत: जमेल का?

झोळी:
ऑगस्टमध्ये आम्ही दोघं बहीणभाऊ नॉर्वेला निघालोय. ऑस्लोची येण्याजाण्याची तिकिटं काढून झाली, आणि आता तिथल्या हॉटेलांचे दर बघून पोटात गोळा आलाय. हाताशी साधारण दोन आठवडे आहेत. चालायची सवय आहे, तंबूही आहे. ऑस्लो, बर्गन, उत्तरेकडची लोफोटेन बेटं, ट्रॉम्सो असं सगळं बसवायचंय. कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे अजिबात घेऊ नये?

निळाई:
बाहेरचं जेवण विसरा. किवी, रेमा १००० किंवा कूप एक्स्ट्रा या स्वस्त दुकानांतून सामान घ्या आणि स्वतः शिजवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच पिशवी भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. बाटलीतलं काही घेतलंच तर रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये टाका, बाटलीची ठेव म्हणून घेतलेले पैसे परत मिळतात.

पाऊलवाट:
झोळी, आधी एक कळकळीने सांगते: एवढं सगळं एका खेपेत बसवू नका. ऑस्लो ते ट्रॉम्सो रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे. स्वस्त प्रवास बिघडतो तो या धावपळीने.

तिथे महाग असतो तो माणसाचा वेळ. कुणी वाढलं, कुणी गाडीने सोडलं, कुणी खोली आवरली की बिल फुगलंच. डोंगर, तळी, किनारा मात्र सगळ्यांना मोकळे, आणि तेही कुणाच्या मेहेरबानीने नाही. १९५७ सालचा कायदाच आहे तसा. शेत-कुरणं सोडून मोकळ्या रानात, राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब तंबू ठोकायचा. एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर जमीनमालकाला विचारायचं. वस्तीपासून दूर, उंच डोंगरात तीही अट नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत शेकोटी चालत नाही. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो ऑस्लोत स्पोर्ट्सच्या दुकानातून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर ऑस्लोहून बर्गनच्या रेल्वेत बसून फिन्सेला उतरले असते. १,२२२ मीटर उंचीवरचं स्टेशन, तिथवर गाडीरस्ता पोचतच नाही. तिथून आउरलान्सडालेन दरीतून चालत काही दिवसांत फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, दिशेने खाली येता येतं. दगडांवर लाल रंगात ‘टी’ काढलेला असतो, तो बघत जायचं. धुक्यात पुढची खूण दिसेपर्यंत मागची नजरेआड होऊ देऊ नका. एवढं चालायचं नसेल तर त्याच रेल्वेमार्गावरच्या मिरदाल स्टेशनहून खाली फ्लोम गावात उतरा. तिथली प्रसिद्ध छोटी रेल्वे महाग आहे, पण शेजारून बर्गनच्या रेल्वेच्या बांधकामासाठी केलेली जुनी वाट जाते, सुमारे २० किलोमीटर, उताराची. मला विचाराल तर खिडकीतून बघण्यापेक्षा ती वाटच सुंदर.

डीएनटी या गिर्यारोहक संस्थेच्या झोपड्याही बघून ठेवा. सभासदांना दरात सवलत असते. विनाकर्मचारी झोपडीत शिरताना बूट दाराशी काढायचे, तळ्यातून बादलीभर पाणी आणायचं, लाकडं फोडून शेगडी पेटवायची. काही झोपड्यांत फडताळात डबाबंद जेवण, पास्ता असं ठेवलेलं असतं. घ्याल ते स्वतःच नोंदवायचं आणि पैसे भरायचे, बघायला कुणी नसतं. निघताना जमीन पुसून पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. या विश्वासाला तडा जाईल असं कृपा करून काही करू नका.

पैसे खर्च करा ते रेनकोट आणि बुटांवर. बर्गनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो. आणि रेल्वेचं तिकीट आजच काढा, स्वस्तातली आधी संपतात.

उत्तरवारा:
फिन्सेला माझंही मत. ऑस्लोत ऑपेरा हाउसच्या छतावर चालत जाता येतं, विगेलान पार्कही फुकट. बर्गनला फ्लोएनवर केबल रेल्वेऐवजी पायी जा, टेकडी ३२० मीटरचीच आहे.

झोळी:
ताई, मनापासून आभार. ट्रॉम्सो सोडलं. पण भाऊ लोफोटेनवर अडून बसलाय.

पाऊलवाट:
मग बर्गन आणि फिन्से सोडा, दोन्ही नको. रेल्वेने ट्रॉनहाइम, तिथून रात्रीच्या गाडीने बोडो, म्हणजे एका मुक्कामाचा खर्च वाचतो. स्लीपर न घेता बसून जा. पुढे लोफोटेनमधल्या मॉस्केनेसला जहाज. तिथला राइनेब्रिंगेन डोंगर नक्की चढा, नेपाळी शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत. मात्र लोफोटेनमध्ये गर्दीच्या बऱ्याच जागी तंबूला मनाई असते. पाटी वाचूनच ठोका, नाहीतर सरळ कॅम्पिंगच्या जागेवर पैसे भरून राहा.