‘जेंडर्ड डिसइन्फर्मेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

नौपाडेकरीण: ठाण्यातल्या आमच्या महिला मंडळाचं पत्रक करतेय, बाई आहे म्हणून तिच्याविरुद्ध मुद्दाम पसरवलेल्या खोट्या माहितीबद्दल. भाषांतरात ‘लिंगभावाधारित अपमाहिती’ आलं, आई म्हणाली हे कुठल्या रोगाचं नाव का गं? सोपं काही सुचवा.

ऐरोलीकर: अफवा. झालं.

घोडबंदरवाली: नाही हो दादा, अफवेला धनी नसतो, खरं वाटून कोणी फॉरवर्ड केलं तर ती नुसती चुकीची माहिती, इथे कोणीतरी ठरवून बसलेला असतो. ‘कंड्या पिकवणे’त निदान पिकवणारा दिसतो. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण पुरुष उमेदवारावर चिखल उडवायचा तर टेंडरात पैसे खाल्ले म्हणतात आणि बाई असली की तिकीट ‘कोणामुळे’ मिळालं ते विचारतात, वर एखादा मॉर्फ केलेला फोटो. 2011 पासून राज्यात पालिकांच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे प्रत्येक निवडणुकीत हे किती जणींच्या वाट्याला येत असेल बघा. उद्देश एकच, बाईने गप्प घरी बसावं. 2022 च्या जानेवारीत ‘बुल्ली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो टाकून खोटा लिलाव मांडला होता, त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, बोलणाऱ्याच बायका वेचून घेतलेल्या.

ऐरोलीकर: बरं मग बदनामी? चारित्र्यहनन?

घोडबंदरवाली: चारित्र्यहनन म्हटलं की चर्चा परत तिच्या चारित्र्यावरच येते ना. कोर्टातला शब्द ‘अब्रुनुकसानी’, आता भारतीय न्याय संहितेत कलम 356. गंमत बघा, पुढारी अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो तेव्हा अब्रू म्हणजे नाव, पत. बाईची अब्रू म्हटलं की लगेच शरीर. अभिनेत्री रश्मिका मंदानाचा 2023 मधला डीपफेक, म्हणजे AI ने बनवलेला खोटा व्हिडिओ, आठवा, धड दुसऱ्याच मुलीचं, चेहरा हिचा, आणि अब्रू कोणाची गेली म्हणे? ज्याने बनवला त्याची तर नाहीच.

वाशीवाला: ‘बायकांविरुद्धचा अपप्रचार’ लिही ताई. अपप्रचारात मुद्दामपणा आलाच. आणि खाली लिही की पोस्ट उडायच्या आधी लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार नाव न देताही करता येते, बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

नौपाडेकरीण: हे घेते. डीपफेक तसाच ठेवतेय, त्याचं भाषांतर करायला गेले तर आई परत हसेल.